नामावलीतले नाव : ऑर्लँडो मार्टिन्स यांच्या आयुष्याचा कागदोपत्री मागोवा

१९४९ साली इंग्लंडात तयार झालेल्या ‘द हेस्टी हार्ट’ या चित्रपटाच्या नामावलीत वरची तीन नावे आजही ओळखीची आहेत. रोनाल्ड रेगन पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. पॅट्रिशिया नील यांना पुढे ऑस्कर मिळाले. रिचर्ड टॉड यांना याच चित्रपटातल्या कामासाठी ऑस्करचे नामांकन होते. त्यांच्या खाली आणखी एक नाव येते, ऑर्लँडो मार्टिन्स, आणि त्यापुढे भूमिकेचे नाव, ब्लॉसम. दुसरे महायुद्ध संपत आले असताना ब्रह्मदेशच्या आघाडीवरील लष्करी इस्पितळात पडलेला हा आफ्रिकी शिपाई आहे. त्याला इंग्रजी येत नाही. साऱ्या कथेत तो एकच शब्द उच्चारतो आणि तो त्याच्या स्वतःच्या नावाचा आहे.

ही भूमिका करणारा नट लागोसचा होता, तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता आणि तीसेक वर्षे इंग्लंडात राहून उत्तम इंग्रजी बोलत होता. आज नायजेरियन वंशाचे नट म्हटले की चिवेटेल एजिओफोर, डेव्हिड ओयेलोवो, जॉन बोयेगा ही नावे पुढे येतात. एजिओफोर यांना ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’साठी २०१४ साली ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. त्यांच्या जन्माआधी पन्नास वर्षे मार्टिन्स लंडनच्या स्टुडिओंच्या दारात उभे होते. त्यांचे आयुष्य हाती लागते ते तुकड्यातुकड्यांनी. ते तुकडे नीट लावणे हे माझ्या मते चित्रपटाच्या इतिहासाचे देणे आहे.

साधने तीन तऱ्हांची आहेत. पहिली, चित्रपटांच्या नामावल्या आणि नाटकांच्या पत्रिका. यांत नाव, भूमिका आणि वर्ष असते, बाकी काही नाही. दुसरी, ते काम करीत असतानाच छापला गेलेला मजकूर. त्यात पीटर नोबल यांचे १९४८ सालचे कृष्णवर्णीय नटांविषयीचे पुस्तक महत्त्वाचे. तिसरे साधन म्हणजे ताकिऊ फोलामी यांनी १९८३ साली लिहिलेले चरित्र. तेव्हा मार्टिन्स ८३ वर्षांचे होते. पिकल्या वयातल्या आठवणी मौल्यवान असतात, पण त्या सांगणाऱ्याने आपले आयुष्य अनेकदा सांगून सांगून घोटलेले असते. म्हणून मी एक नियम पाळला आहे. नामावलीत आहे ते खरे धरायचे, आणि आठवणीतले आहे ते आठवण म्हणूनच सांगायचे.

नामावलीचेही वाचन सांभाळून करावे लागते. आमच्या शिरूर-दौंड पट्ट्यात, न्हावऱ्यासारख्या गावांच्या जत्रेत तमाशाचा फड येतो तेव्हा त्याच्या जाहिरातीवर फडमालकाचे आणि नर्तकीचे नाव टपोऱ्या अक्षरांत असते. सोंगाड्याचे नाव त्याहून बारीक येते, आणि ढोलकीवाला, तुणतुणेवाला, झीलकरी ‘इतर कलाकार’ या दोन शब्दांत जातात. वग कुणी तोलून धरला हे त्या कागदावरून कळत नाही, ते फडासमोर बसलेल्यालाच ठाऊक असते. मार्टिन्स यांची कितीतरी वर्षे अशीच ‘इतर’मध्ये गेली आहेत.

जन्म ८ डिसेंबर १८९९, लागोस. या तारखेकडे जरा थांबून पाहावे. त्यानंतर महिनाभरही लोटला नाही तोच, १ जानेवारी १९०० रोजी, रॉयल नायजर कंपनीची सनद संपुष्टात येऊन तिच्या ताब्यातला मुलूख थेट ब्रिटिश सरकारकडे गेला. लागोस बेट मात्र १८६१ पासूनच ब्रिटिश वसाहत होते. ते १९०६ साली दक्षिण नायजेरियात विलीन झाले, आणि उत्तर-दक्षिण मिळून एक नायजेरिया झाला तो १९१४ साली. म्हणजे ज्यांना आपण सहज ‘नायजेरियन नट’ म्हणतो त्यांच्या जन्माच्या वेळी तो देश आजच्या रूपात नकाशावर नव्हता. तो त्यांच्या पंधराव्या वर्षी झाला.

आडनावही वाचण्यासारखे आहे. पोर्तुगीज आडनावे वसईत आणि गोव्यात कशी आली हे मराठी वाचकाला सांगायला नको. लागोसमध्ये ती वेगळ्या वाटेने आली. गुलाम म्हणून ब्राझीलला नेलेल्या आफ्रिकी लोकांपैकी आणि त्यांच्या मुलाबाळांपैकी काही जण एकोणिसाव्या शतकात सुटका मिळवून परत आले. लागोस बेटावर त्यांची स्वतंत्र वस्ती झाली आणि स्थानिक लोक त्यांना ‘आगुदा’ म्हणू लागले. ते गवंडी होते, सुतार होते, शिंपी होते. त्यांनी ब्राझीलच्या धर्तीची नक्षीदार घरे बांधली, कॅथलिक देवळे उभारली, आणि दा सिल्वा, दा रोचा, परेरा, मार्टिन्स ही नावे जपली. ऑर्लँडो यांच्या वडिलांचे मूळ या ब्राझीलच्या वाटेशी जोडलेले होते आणि ते सरकारी नोकरीत होते, असे चरित्रात आहे. आई लागोसचीच. दोन खंड आणि एक महासागर ओलांडून परतलेल्या माणसांच्या गल्लीत हा मुलगा वाढला. पुढे तो स्वतः समुद्रावर गेला यात मला तरी नवल वाटत नाही.

शाळा अर्ध्यावर सुटली. १९१३ साली लागोसच्या एको बॉइज हायस्कुलात नाव घातले होते, पण शिक्षण पुरे झाले नाही. लागोसमध्ये पाणीपट्टीविरुद्ध झालेल्या निदर्शनांत भाग घेतल्याचे ते सांगत. या आठवणीला बाहेरचा आधार आहे. नळाच्या पाण्याचा खर्च लोकांकडून वसूल करण्यावरून लागोसमध्ये १९०८ साली आणि पुन्हा १९१६ साली मोठा असंतोष झाला होता. पहिल्या वेळी ते आठ वर्षांचे होते, तेव्हा त्यांची आठवण दुसऱ्या वेळची धरायला हवी. सोळा वर्षांचा मुलगा, अर्धवट सुटलेली शाळा आणि रस्त्यावर उतरलेले शहर, हे चित्र जुळते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ते ‘मॉरिटेनिया’ जहाजावर कामाला होते. हे जहाज म्हणजे बुडवल्या गेलेल्या ‘लुसिटेनिया’चे जुळे भावंड. युद्धात त्याचा उपयोग सैनिक नेण्यासाठी आणि तरते इस्पितळ म्हणून झाला. युद्ध संपल्यावर मार्टिन्स लंडनमध्ये उतरले तो काळ कृष्णवर्णीय खलाशांसाठी फार वाईट होता. १९१९ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूल आणि कार्डिफमध्ये गोऱ्या जमावांनी आफ्रिकी, कॅरिबियन आणि अरब खलाशांच्या वस्त्यांवर हल्ले केले. लिव्हरपूलमध्ये चार्ल्स वूटन या तरुण खलाशाचा जमावाने पाठलाग केला आणि तो गोदीच्या पाण्यात बुडून मेला. पुढे १९२५ साली निघालेल्या हुकुमाने ‘रंगीत परदेशी’ खलाशांना पोलिसांकडे नोंदणी सक्तीची झाली, आणि प्रत्यक्षात ब्रिटिश प्रजाजन असलेल्या आफ्रिकी व हिंदी खलाशांनाही त्याचा जाच सोसावा लागला. रत्नागिरीकडचे अनेक कोकणी खलाशी या जहाजांवर होते, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

या वर्षांतले मार्टिन्स यांचे उद्योग आठवणींतून येतात आणि ते ऐकायला एखाद्या कादंबरीसारखे आहेत. ‘ब्लॅक बुचर जॉन्सन’ या नावाने कुस्त्या केल्या. सर्कशीत काम केले. १९२० साली दियागिलेव्ह यांच्या रशियन बॅले मंडळीत गर्दीतला माणूस म्हणून रंगमंचावर उभे राहिले. दियागिलेव्हची मंडळी त्या सुमारास लंडनमध्ये खेळ करीत होती हे निश्चित आहे, आणि अशा खेळांना धिप्पाड बांध्याचे, स्तब्ध उभे राहू शकणारे लोक लागत हेही. कुस्तीच्या नावातला ‘ब्लॅक बुचर’ मात्र मला बोचतो. ते नाव प्रेक्षकांना भीती विकण्यासाठी ठेवलेले होते. रोजी मिळवायची तर आधी लोकांच्या मनातला काळा राक्षस व्हायचे, ही अट त्यांना पहिल्या दिवसापासून घातली गेली. पुढची पंचवीस वर्षे ती वेगवेगळ्या रूपांत त्यांच्यापुढे येत राहिली.

मूकपटांत ते १९२६ पासून दिसतात. ‘इफ यूथ बट न्यू’ हा त्यांचा पहिला चित्रपट मानला जातो. खर्जातला आवाज मूकपटात वायाच जायचा. तो उपयोगी पडला संगीत नाटकात. ३ मे १९२८ रोजी लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात ‘शो बोट’चा खेळ सुरू झाला. त्यात अमेरिकन गायक-नट पॉल रोबसन गात होते, अल्बर्टा हंटर होत्या, आणि समूहगानात अनेक कृष्णवर्णीय गायक होते. मार्टिन्स ‘शो बोट’च्या ब्रिटिश संचाबरोबर दौऱ्यावर गायक म्हणून गेले. रोबसन यांच्याशी त्यांचे नाव इथून पुढे अनेक वर्षे जोडलेले दिसते.

१९३५ सालचा ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ हा पहिला चित्रपट, ज्यात त्यांचे काम आज सहज पाहता येते. एडगर वॉलेस यांच्या कथा, अलेक्झांडर कोर्डा यांची निर्मिती, त्यांचे बंधू झोल्टान यांचे दिग्दर्शन. कथा नायजेरियातली. सँडर्स हा गोरा जिल्हा अधिकारी मूठभर शिपायांच्या बळावर लाखो काळ्या प्रजेला पोरांसारखे वळण लावतो, असा सारा रोख. पथकाने आफ्रिकेत जाऊन नाचगाणी, नद्या, माणसे टिपून आणली, पण नटांचे गाव मात्र लंडनजवळ शेपर्टनला थेम्सकाठी उभे केले. गावकऱ्यांचे काम करायला कार्डिफ आणि लंडनच्या गोद्यांतले कामगार आणि विद्यार्थी आणले. त्या गर्दीत लंडनमध्ये शिकत असलेला केनियाचा एक जण होता, जोमो केन्याटा. रोबसन नायकाच्या खालोखाल महत्त्वाच्या भूमिकेत होते. आपण आफ्रिकी संस्कृतीचा गौरव करीत आहोत असे त्यांना वाटत होते. पूर्ण झालेला चित्रपट पाहिल्यावर साम्राज्याची स्तुती करण्यासाठी आपला वापर झाला हे त्यांना कळले, आणि पुढे त्यांनी तो जाहीरपणे नाकारला.

रोबसन तसे करू शकले कारण त्यांच्या नावावर थिएटरे भरत होती. मार्टिन्स यांच्यासारख्याने नकार दिला असता तर दुसऱ्या दिवशी त्या जागी गोदीतला दुसरा कुणी उभा केला गेला असता. त्यांच्या या काळातल्या कामांचा निवाडा करताना हे विसरले तर आपण त्यांच्यावर अन्याय करू.

कोर्डा बंधूंचा हा धडाका तीन वर्षांनी आपल्याकडे पोचला. ‘द ड्रम’ हा १९३८ चा चित्रपट वायव्य सरहद्दीवरचा, दिग्दर्शन पुन्हा झोल्टान कोर्डा यांचे आणि मुख्य भूमिकेत म्हैसूरचा साबू. त्या वर्षी तो मुंबईत लागला तेव्हा लोकांनी थिएटरबाहेर निदर्शने केली, आणि शेवटी चित्रपट उतरवावा लागला. हिंदुस्थानात प्रेक्षकांच्या पाठीशी राष्ट्रीय चळवळ आणि वृत्तपत्रे होती, म्हणून पडद्यावरच्या अपमानाला रस्त्यावर उत्तर देता आले. लंडनमधल्या मूठभर आफ्रिकी नटांच्या पाठीशी तसे काही नव्हते. रोबसन यांच्याविषयी मात्र मुंबईने आपुलकी राखली. अमेरिकन सरकारने त्यांचे पारपत्र अडवून ठेवले होते, त्या १९५८ साली त्यांचा साठावा वाढदिवस भारतात साजरा झाला. त्यासाठीच्या समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला.

‘सँडर्स’नंतर वर्षभराने मार्टिन्स यांनी केलेले एक काम माझ्या दृष्टीने फार मोलाचे आहे, आणि त्याची फूटभरही फिल्म उपलब्ध नाही. १५ आणि १६ मार्च १९३६ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर थिएटरात स्टेज सोसायटीने सी. एल. आर. जेम्स यांचे ‘तूसँ लूव्हर्त्यूर’ हे नाटक केले. १७९१ साली हैतीच्या गुलामांनी केलेल्या बंडाची ही कथा. तूसँच्या भूमिकेत रोबसन, आणि बुकमनच्या भूमिकेत मार्टिन्स. बुकमन म्हणजे बंडाची पहिली ठिणगी टाकणारा पुढारी. लेखक त्रिनिदादचा, नट आफ्रिका, कॅरिबियन आणि अमेरिकेतले, विषय गुलामांनी स्वतः मिळवलेल्या मुक्तीचा. जेम्स यांनी दोन वर्षांनी याच विषयावर ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ हा इतिहासग्रंथ लिहिला, तो आजही वाचला जातो. स्टेज सोसायटीचे खेळ दोन-दोनच होत, त्यामुळे हे नाटक दोन दिवसांत संपले. गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशातल्या या माणसाने बुकमन उभा केला तेव्हा त्याच्या मनात काय होते हे कोणत्याही कागदात नाही. पण वर्षापूर्वी ज्याला सँडर्सच्या दरबारात उभे केले होते त्याच माणसाकडे हे काम आले, आणि ते आपल्या लोकांकडून आले, एवढे नाटकाच्या पत्रिकेवरून सांगता येते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला भूमिका मोठ्या होऊ लागल्या. १९४६ सालच्या ‘मेन ऑफ टू वर्ल्ड्स’मध्ये ते मागोले नावाचा मांत्रिक झाले. थोरल्ड डिकिन्सन यांचा हा रंगीत चित्रपट टांगानिकातला. किसेंगा हा लंडनमध्ये नाव कमावलेला आफ्रिकी संगीतकार, झोपेच्या आजाराने पोखरलेले आपले गाव दुसरीकडे हलवायला परत येतो, आणि मागोले आडवा येतो. किसेंगाची भूमिका ब्रिटिश गियानाच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स यांची. चित्रपटाला वसाहत खात्याचा आशीर्वाद होता. लंडनमधल्या पश्चिम आफ्रिकी विद्यार्थी संघाने संहितेवर आधीच लेखी हरकत घेतली होती. आफ्रिकेतल्या गावात विज्ञान विरुद्ध मांत्रिक एवढेच दाखवणे ही आमची बदनामी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. विद्यार्थी बरोबर होते. तरीही मागोले पाहताना जाणवते की मार्टिन्स यांनी त्याला आरडाओरडीतून सोडवले आहे. हा मांत्रिक आपली जमीन आणि आपला अधिकार राखणारा माणूस वाटतो. संहितेत नसलेले वजन त्यांनी त्याला आपल्या आवाजातून आणि संथ हालचालींतून दिले.

१९४७ च्या ‘द एंड ऑफ द रिव्हर’चा नायक पुन्हा साबू, कथा ब्राझीलमधली, आणि नामावलीत मार्टिन्स. ब्राझीलहून परतलेल्या घराण्यातला लागोसचा माणूस आणि म्हैसूरच्या हत्तीखान्यातून आलेला मुलगा, दोघांना ब्रिटिश चित्रपटाने अ‍ॅमेझॉनच्या काठी एकत्र आणले. त्या काळात लंडनला ‘परका’ चेहरा हवा असला की तो कुठल्या खंडातला हे फारसे पाहिले जात नसे.

आता ‘द हेस्टी हार्ट’. जॉन पॅट्रिक या अमेरिकन नाटककाराचे हे नाटक १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये आले. लंडनच्या रंगमंचावर ब्लॉसम मार्टिन्स यांनीच केला, आणि व्हिन्सेंट शर्मन यांच्या चित्रपटातही तोच. कथा साधी आहे. लॅकी हा तिरसट, मानी स्कॉट सैनिक इस्पितळात येतो. तो थोड्याच आठवड्यांचा सोबती आहे हे वॉर्डातल्या इतरांना सांगितले आहे, त्याला नाही. सगळे त्याच्याशी जुळवून घेतात, वाढदिवस करतात, त्याला आयुष्यात पहिल्यांदा मित्र मिळतात. मग खरे काय ते त्याला कळते, आणि ही सगळी माया म्हणजे मरणाऱ्या माणसाची कीव होती असे ठरवून तो उलटतो. नेमक्या त्याच वेळी ब्लॉसम त्याला स्वतः केलेली माळ द्यायला पुढे येतो. लॅकी ती झिडकारतो. मग कुणीतरी त्याच्या लक्षात आणून देतो की ब्लॉसमला इंग्रजीचे अक्षर कळत नाही. लॅकी मरणार आहे हे त्याला ठाऊकच नाही. म्हणजे त्याच्या माळेत कीव असणे शक्य नाही. तिथे लॅकी कोसळतो आणि माणसांत परत येतो.

नाटकाचा सांधा असा एका न बोलणाऱ्या माणसावर बसवलेला आहे. हा सांधा टिकायचा तर प्रेक्षकाला पहिल्या प्रवेशापासून ब्लॉसमवर विश्वास बसला पाहिजे. तो खाटेवर बसून ऐकतो, कळत नाही, पण पाहतो. इतर बोलत असताना ज्याला नुसते पाहायचे आहे त्या नटाचे काम सर्वांत अवघड असते, कारण जरा जास्त केले तर विदूषक होतो आणि जरा कमी केले तर खांब होतो. मार्टिन्स यांचा धिप्पाड देह खाटेवर अवघडून बसतो, मान थोडी कलती असते, नजर बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते. माळ पुढे करताना हात घाई करीत नाहीत. ती झिडकारली जाते तेव्हा चेहऱ्यावर राग येत नाही, काय चुकले हे न कळल्याचा भाव येतो. तेवढ्या एका क्षणावर रिचर्ड टॉड यांचा पुढचा सगळा प्रवेश उभा आहे. ऑस्करच्या नामांकनात त्यांचे नाव असले तरी त्या यशाचा अर्धा आधार समोरच्या खाटेवर बसला होता, असे मी नि:संकोच म्हणेन.

आणि तरीही मनाला एक गोष्ट टोचत राहते. नाटककाराने ब्लॉसमला दक्षिणेकडचा बासुटो केले. प्रत्यक्ष ब्रह्मदेशात लढलेल्या आफ्रिकी सैन्यात मोठा भाग पश्चिम आफ्रिकेचा होता. ८१ व्या आणि ८२ व्या डिव्हिजनमध्ये नायजेरिया, गोल्ड कोस्ट, सिएरा लिओन आणि गॅम्बियाचे जवान होते. त्यांतल्या ८१ व्या डिव्हिजनचे लोक १९४३ साली मुंबई बंदरात उतरून पुढे आराकानकडे गेले. नायजेरिया रेजिमेंटच्या ६, ७ आणि १२ या बटालियन १९४४ साली विंगेट यांच्या चिंडिट फौजेत शत्रूच्या पिछाडीला उतरल्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मणिपुरात सांगशाकला ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन जपान्यांना थोपवून धरत होती. आपल्या पुणे जिल्ह्यात ब्रह्मदेशची लढाई म्हटली की मराठा पलटणीच आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच युद्धात, त्याच पावसात आणि हिवतापात लागोस आणि कानोकडची माणसेही होती, आणि ती आपल्या मुंबईतून गेली होती. त्यांना हौसा येत होती, योरुबा, इग्बो येत होती, पलटणीतले इंग्रजीही येत होते. ती आपापसांत थट्टा करीत, गाणी म्हणत, घरी पत्रे धाडत. पडद्यावर त्यांच्यासाठी एकच शब्द ठेवला गेला, आणि तो उच्चारायला त्यांच्याच गावचा माणूस बोलावला गेला.

पन्नाशीनंतरची यादी लांब आहे, पण ती भरभर सांगितली तरी चालेल. ‘व्हेअर नो व्हल्चर्स फ्लाय’ (१९५१), ‘द नन्स स्टोरी’ (१९५९), ‘सफायर’ (१९५९), ‘सॅमी गोइंग साउथ’ (१९६३), ‘कॉल मी बवाना’ (१९६३), ‘मिस्टर मोझेस’ (१९६५). टोळीचा नायक, गावचा म्होरक्या, दारूच्या गुत्त्यातला माणूस. ऑड्री हेपबर्न, बॉब होप, रॉबर्ट मिचम अशा बड्या नावांशेजारी ते उभे राहिले, पण भूमिकांची चौकट फारशी बदलली नाही.

यांत १९५५ चा ‘सिम्बा’ वेगळा काढायला हवा. केनियातल्या माऊ माऊ उठावावरचा हा चित्रपट गोऱ्या मळेवाल्यांच्या बाजूने सांगितलेला. मार्टिन्स त्यात गावप्रमुख आहेत. तो पडद्यावर आला तेव्हा जोमो केन्याटा तुरुंगात होते. ऑक्टोबर १९५२ मध्ये त्यांना पकडले होते आणि १९५३ साली माऊ माऊ चालवल्याच्या आरोपावरून सात वर्षांची शिक्षा झाली होती. वीस वर्षांपूर्वी शेपर्टनच्या खोट्या गावात दोघे एकाच चित्रपटासाठी उभे होते. आता एक जण त्या उठावावरच्या चित्रपटात गावप्रमुख होता आणि दुसरा त्याच उठावापायी गजांआड होता. आठ वर्षांनी, १९६३ साली, केन्याटा स्वतंत्र केनियाचे पंतप्रधान झाले.

नायजेरिया १९६० साली स्वतंत्र झाला. उतारवयात मार्टिन्स लागोसला परतले. सत्तरीला आल्यावर त्यांना असे दोन चित्रपट मिळाले, जे आफ्रिकी लेखकांच्या लेखणीतून आले होते. ‘काँगीज हार्वेस्ट’ (१९७०) हा वोले सोयिंका यांच्या नाटकावरचा, नायजेरियातच चित्रित झालेला. दिग्दर्शक अमेरिकन नट ओसी डेव्हिस, निर्माते नायजेरियाचे फ्रान्सिस ओलाडेले, आणि हुकूमशहा काँगीच्या भूमिकेत खुद्द सोयिंका. स्वतंत्र आफ्रिकेतल्या नव्या सत्ताधाऱ्यांवर बोट ठेवणारी ही गोष्ट सोयिंका यांनी नोबेल मिळण्याच्या सोळा वर्षे आधी पडद्यावर आणली होती.

दुसरा ‘बुलफ्रॉग इन द सन’, चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ आणि ‘नो लाँगर अ‍ॅट ईज’ या कादंबऱ्यांवर बेतलेला. त्यात मार्टिन्स ओबिएरिका झाले. ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ वाचलेल्यांना ओबिएरिका आठवत असेल. ओकोंक्वोचा हा मित्र विचारी आहे, शूर असूनही हिंसेला कचरणारा आहे, गोऱ्यांनी गाव कसे आतून फोडले हे ओळखणारा आहे. कादंबरीच्या शेवटी मित्राच्या प्रेताजवळ उभा राहून गोऱ्या जिल्हा अधिकाऱ्याला तोंडावर सुनावतो तो हाच. आणि तो अधिकारी मनाशी ठरवतो की या माणसाच्या आयुष्यावर आपल्या पुस्तकात एखादा परिच्छेद लिहिता येईल. १९३५ साली जिल्हा अधिकारी सँडर्स हा नायक होता आणि मार्टिन्स त्याच्या प्रजेत होते. छत्तीसेक वर्षांनी त्यांना त्या अधिकाऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाचे नाव मिळाले, आणि ते नाव एका इग्बो लेखकाने घडवलेले होते.

फोलामींचे चरित्र १९८३ साली आले, म्हणजे आपले आयुष्य आपणच वाचावे असे पुस्तक त्यांच्या हयातीत निघाले. २५ सप्टेंबर १९८५ रोजी लागोसमध्ये ऑर्लँडो मार्टिन्स वारले. वय ८५.